पांढऱ्या रंगातले चौदा टन

बुधवार, ९ नोव्हेंबर

काल बंद कारखान्याच्या आवारात जे घडले त्याची हकिकत माझ्या मेहुण्याने आज दुपारी आमच्याकडे, तोंडात घास असताना सांगितली. तिच्यात पाच चुका आहेत. त्या येथे दुरुस्त करून ठेवतो. कारण हा गृहस्थ तीच हकिकत संध्याकाळपर्यंत आणखी चार घरी सांगेल, आणि मग तीच खरी ठरेल.

तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्या लेकीनं क्रेन उलटवलीच होती. थोडक्यात बचावली." क्रेन उलटली नाही, कललीही नाही. तो म्हणाला, प्रेस उचलत होते. प्रेस नव्हे, प्लेनर. तो म्हणाला, संध्याकाळ होती. सकाळचे अकरा वाजले होते. तो म्हणाला, यंत्र दोन मजले वर गेले होते. ते जमिनीपासून एक वीत वर होते. तो म्हणाला, "पोरगी घाबरून खाली उतरली." या वाक्यात क्रियांचा क्रम चुकला आहे: आधी ओझे उतरले, मग इंजिन बंद झाले, मग ती उतरली.

खरी हकिकत अशी. माझी मुलगी एका क्रेन कंपनीत अकरा वर्षे ऑपरेटर आहे. (कोशात ‘यारी’ हा शब्द आहे व तो मला आवडतो, परंतु "माझी मुलगी यारी चालवते" असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर भलतेच भाव उमटतात, म्हणून क्रेन.) ज्या कारखान्यात मी चौतीस वर्षे उचल-विभाग सांभाळला, तो आता बंद झाला असून त्यातली यंत्रे एकेक करून बाहेर जात आहेत. काल प्लेनरची पाळी होती. प्लेनर म्हणजे लोखंडाला रंधा मारणारे यंत्र. लांबीला एखाद्या खोलीएवढे. त्याच्या कुशीवर पांढऱ्या रंगात ‘१४ टन’ असे लिहिलेले आहे. तो आकडा माझा आहे. वजन मी केले, अक्षर माझे, रंगही मीच कालवला होता.

मुलीने यंत्र एक वीत उचलले व थांबवले. ही तिची रीतच आहे. ओझे कितीही ओळखीचे असो, एक वीत उचलायचे, थांबायचे आणि काट्याकडे पाहायचे. केबिनमधल्या काट्याने एकोणीस टन व वर थोडे दाखवले. हुक आणि पट्टे धरूनही ते पंधराच्या आत असायला हवे होते. तिने यंत्र होते तसे जागेवर ठेवले.

उचलण्यापुरते तिचे काही अडले नव्हते. अडचण पुढे होती. क्रेन किती पेलते हे ओझे किती लांब धरायचे त्यावर ठरते. भरलेली बादली अंगाजवळ धरून आणि मग हात लांब करून पाहिल्यास हे कोणालाही कळेल. साडेसहा मीटरवर ही क्रेन तेवीस टन पेलते. ट्रेलर उभा होता दहा मीटरवर, आणि तेथे तिची ताकद साडेपंधरा.

यंत्र नेणाऱ्या ठेकेदाराचे म्हणणे असे की, काटाच बिघडलेला आहे. गेल्याच महिन्यात तो दुरुस्त करून आणला होता. मला खेदाने लिहावे लागते की माझेही मत तेच आहे. कोणाला खरचटलेसुद्धा नाही, हे उत्तम झाले. पण लोखंडाचे वजन एकतीस वर्षांत वाढत नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर

क्रेन कंपनीच्या व्यवस्थापकांनी मुलीला क्रेनवरून उतरवले आहे. पुढच्या बुधवारी, सोळा तारखेला, दुसरा ऑपरेटर त्याच क्रेनने तोच प्लेनर उचलणार. त्याने तो बिनबोभाट ट्रेलरवर ठेवला, तर मुलीची बदली गोदामात. आणि ती कायमची.

"गोदामात काय करायचं असतं गं?" जेवताना तिच्या आईने विचारले.

"नट मोजायचे. बोल्ट मोजायचे. मग दोन्ही सारखे आहेत का बघायचं."

"तुझ्या बाबांना पाठव त्यापेक्षा. सुखानं मरतील."

मी या संभाषणात भाग घेतला नाही.

मग मुलीने विचारले, "बाबा, तो प्लेनर सुरुवातीला थरथरायचा का हो? सावकाश म्हणत होता, जुनी माणसं तसं सांगायची."

(सावकाश हा तिचा इशारेवाला, खाली उभा राहून हाताने ऑपरेटरला दिशा दाखवतो. नाव वेगळे आहे, पण दिवसभर तोंडात तो एकच शब्द असल्यामुळे मूळ नाव आता त्याच्या बायकोलाच ठाऊक असावे.)

प्रश्न चांगला होता, म्हणून सविस्तर उत्तर दिले. प्लेनर बसवला तेव्हा इतका थरथरे की तासलेल्या पत्र्यावर पाण्यावरच्यासारखे तरंग उठत. ज्यांनी यंत्र बनवले त्यांचा अभियंता दोनदा आला, दोनदा चहा पिऊन गेला. तोडगा मी काढला. यंत्राचा पाया आतून पोकळ होता. तीन मोठे कप्पे. मी ते काँक्रीट व लोखंडाच्या कातरणीने गच्च भरून घेतले. त्यानंतर चालू यंत्रावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडत नसे. मोठ्या साहेबांनी सर्वांसमक्ष माझा हात हातात घेतला होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेले सर्वांत नेटके काम ते.

"किती भरलंत?" मुलीने विचारले.

"तिन्ही कप्पे, गळ्यापर्यंत. पावणेदोन घनमीटर."

तिने घास ताटातच ठेवला. "पावणेदोन," ती म्हणाली व आईकडे पाहू लागली. मग म्हणाली, "बाबा, परत एकदा सांगा ना. हळू."

मी पुन्हा सांगितले. कप्पे कसे साफ केले, काँक्रीट कसे ठासले, सर्व. तिने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मला मनापासून बरे वाटले. मुलांना वडिलांच्या कामाविषयी कुतूहल असावे. ते सहसा फार उशिरा येते.

उद्या ती व्यवस्थापकांकडे टांगता काटा मागणार आहे म्हणे. हा काटा हुक आणि ओझे यांच्या मध्ये अडकवतात व तो खरे वजन सांगतो. वजन यंत्राच्या अंगावर लिहिलेले असताना हा खटाटोप कशाला, ते कळत नाही.

शनिवार, १२ नोव्हेंबर

सकाळी साडेदहाला ठेकेदार घरी आला. सोबत टंकलिखित कागद: "प्रमाणित करण्यात येते की सदर यंत्राचे वजन १४ टन असून ते मी स्वतः केलेले आहे." खाली माझ्यासाठी सहीची जागा.

"साहेब, तुमच्या शब्दापुढं कोण बोलणार?" तो म्हणाला. "तुमची सही असली की बुधवारी टांगता काटा नको नि बिंटा नको. अर्ध्या तासात यंत्र गाडीवर."

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आज नका करू सही. सोमवारी करा."

"सोमवारी काय वजन बदलणार आहे?"

"वजन नाही बदलणार," ती म्हणाली. "तुम्ही एकदा नीट आठवून बघा, एवढंच म्हणते."

"मला आठवावे लागत नाही. मी लिहून ठेवतो."

ठेकेदार हसला. "मॅडम, काट्यावर विश्वास, आणि वडिलांवर नाही?"

ठेकेदाराचे बोलणे मला आवडले नाही, हेही नोंदवतो. पण माणूस उद्धट आहे म्हणून आकडा खोटा ठरत नाही. कागदात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या सुधारल्या, आणि सही केली.

"झालं!" त्याच्या पाठीवर दार लागताच सौभाग्यवती म्हणाल्या. "यांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ."

"लोखंडावरची," मी दुरुस्ती केली.

"हो. पोरगी काचेची असली तरी चालेल."

मुलगी गच्चीवर गेली व बराच वेळ सावकाशशी फोनवर बोलत होती. मी तिच्याविरुद्ध साक्ष दिली असे मला वाटत नाही. मी वजनाच्या बाजूने साक्ष दिली. तरीही दुपारची झोप लागली नाही. कूस बदलली की डोळ्यांपुढे गोदामाची मांडणी येई, आणि त्यात ती नट मोजत बसलेली दिसे. तिला बसून काम करणे लहानपणापासून जमत नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर

मेहुणा पुन्हा आला होता. तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मामा सगळीकडे सांगतोय की प्लेनर कारखान्यात एकोणनव्वद साली आला."

"चूक. एक्याण्णव."

"तो म्हणतो, भाऊजींना काय आठवतंय आता, मी पैज लावतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा मनुष्य स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारून सांगतो.

"तुमची त्या वर्षाची दैनंदिनी असेल ना?" मुलगी म्हणाली. "दाखवूनच टाका त्याला. पण सगळं वर्ष वाचा हं. मामा चुकला असेल तर एकाच तारखेला थोडाच चुकला असेल?"

मुद्दा रास्त होता. पेटी माळ्यावर होती आणि माझे गुडघे शिडीला राजी नसतात. तिने स्वतः वर चढून पेटी उतरवली, वह्या पुसल्या व माझ्या टेबलावर रचल्या. १९९१ ची वही नेमकी सर्वांत वर आली होती, माझे नशीब.

सोमवार, १४ नोव्हेंबर

जानेवारी ते मार्च वाचून झाले. प्लेनर ५ फेब्रुवारी १९९१ रोजी उतरवला व त्याच दिवशी त्याचे वजन केले: चौदा टन. आकडा रंगवला २ मार्चला. मेहुणा दोन वर्षांनी चुकला आहे. त्याला पत्र लिहिले. फोनवर तो मध्येच बोलतो.

संध्याकाळी मुलीने विचारले, "कुठवर आलात?"

"मार्च."

"मार्च," ती म्हणाली व कपाळाला हात लावून बसली. "उद्या तुम्हाला दुसरं काही काम नाही ना?"

मंगळवार, १५ नोव्हेंबर

दाढ दुखते. वाचन नाही. मुलीने गोळी दिली व म्हणाली, ती वही वाचून दाखवेल. नको म्हटले, वाचताना ती विरामचिन्हे खाते. ती तरी वही घेऊन बसलीच होती, इतक्यात व्यवस्थापकांचा फोन आला आणि तिला जावे लागले.

बुधवार, १६ नोव्हेंबर

घाईघाईने लिहितो आहे, अक्षराबद्दल क्षमस्व.

सकाळी आठला मुलगी आवाराकडे निघाली. निघताना म्हणाली, "दाढ बरी असेल तर ऑगस्ट वाचा, बाबा." साडेआठला चहा घेऊन बसलो. एप्रिल, मे, जून चाळले. ऑगस्टच्या सव्विसाव्या पानावर थांबलो. नोंद जशीच्या तशी उतरवतो:

"प्लेनरचे पोट आज भरले. पावणेदोन घनमीटर काँक्रीट, वर कातरण. यंत्र पूर्ण शांत. साहेबांनी हात मिळवला. फार समाधान."

मी ती नोंद समाधानाने वाचली. दुसऱ्यांदाही समाधानानेच वाचली. तिसऱ्यांदा वाचताना चहाचा कप अर्ध्यावर थांबला.

वजनाविषयी एक अक्षर नाही. पावणेदोन घनमीटर काँक्रीट. घनमीटरला सुमारे दोन टन चारशे किलो. म्हणजे चार टन दोनशे, कातरण वेगळीच. आणि मी तो आकडा रंगवून तेव्हा सहा महिने होत आले होते! आमची पद्धत अशी होती की यंत्र आवारात आले की त्याचे वजन करायचे आणि रंगवायचे. यंत्र जाताना त्याचे वजन पुन्हा करण्याची पद्धत नव्हती, कारण कोणतेही यंत्र कधी जाईल असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते.

पोट मी भरले. आकडा मी लिहिला. आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकतीस वर्षे शेजारी शेजारी राहिल्या. एकमेकींशी एकदाही बोलल्या नाहीत.

मी उठलो. सौभाग्यवती मागून ओरडत होत्या, "अहो, चप्पल! एक माझी आहे!" मला थांबता आले नाही. कोपऱ्यावर पहिली जी गाडी मिळाली तीत बसलो व चालकाला सांगितले, "शक्य तितक्या लवकर." तो म्हणाला, "दवाखान्यात का काका?" मी म्हणालो, "अजून नाही."

दहाला दहा मिनिटे कमी असताना फाटकाशी उतरलो. क्रेन उभी होती. नवा ऑपरेटर केबिनमध्ये, इंजिन चालू, पट्टे प्लेनरला आवळलेले. हुकाखाली टांगता काटा मात्र आधीच अडकवलेला होता. तो कोणी, कधी मागवला, हे विचारायचे राहून गेले. पण वेळेवर आला, हे आमचे सुदैव. काट्यासमोर सावकाश हाताची घडी घालून उभा होता आणि ठेकेदार त्याच्या नाकासमोर माझा कागद नाचवत होता.

"सही आहे! हे बघ, सही आहे! काढ तो काटा!"

"काढतो की," सावकाश म्हणाला. "सावकाश काढतो."

"तासभर हेच चाललंय! व्यवस्थापक साहेब, तुमची माणसं तुमचं ऐकतात की नाही?"

व्यवस्थापक घड्याळाकडे पाहत होते. मुलगी बाजूला, हात मागे बांधून उभी होती. मला पाहताच तिने डोळे मिटले. एवढ्या उन्हात उभे राहून ती थकली असावी.

"तो कागद इकडे द्या," मी ठेकेदाराला म्हणालो.

"या या, साहेब! तुम्हीच सांगा यांना."

मी कागद घेतला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. (आवारात कचरा करू नये.) "हे प्रमाणपत्र चुकीचे आहे. चूक माझी आहे. यंत्र चौदा टन नाही."

"अहो काका, परवा तर म्हणालात—"

"शनिवारी. आणि तेव्हाही मी चुकलो होतो. याच्या पोटात काँक्रीट आहे. मी भरले. आकडा आधी लिहिला, पोट नंतर भरले, आणि आकडा बदलला नाही."

केबिनमधून नवा ऑपरेटर डोके बाहेर काढून म्हणाला, "किती भरलंय, काका?"

"सव्वाचार टन. कदाचित थोडे अधिक."

त्याने इंजिन बंद केले. खाली उतरला, क्रेनच्या पायरीवर बसला आणि सावकाशकडून बाटली घेऊन एका दमात पाणी प्यायला. तोंड पुसत ठेकेदाराला म्हणाला, "आणि मला सांगितलंत काटा खराब आहे, वजन जास्त झालं की वाजणाऱ्या भोंग्याची तार काढून ठेव. दहा मीटरवर नेणार होतो मी हे. ट्रेलरवर तुमची दोन माणसं उभी आहेत."

ट्रेलरवरच्या त्या दोन माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि खाली उड्या मारल्या.

व्यवस्थापकांनी घड्याळ पाहणे सोडून दिले. भोंग्याची तार पुन्हा जोडण्यात आली. ट्रेलर मागे घेऊन साडेसहा मीटरवर आणला. त्याला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास कोणीही कोणावर ओरडले नाही. मग नवा ऑपरेटर मुलीला म्हणाला, "बाई, तुम्हीच उचला. तुमच्याशी त्याची ओळख झालीय."

ती वर चढली. यंत्र एक वीत उठले. थांबले. टांगत्या काट्यावर आकडा स्थिरावला: अठरा टन चारशे. सावकाशने तो मोठ्याने वाचला. मग माझ्याकडे वळून पुन्हा वाचला, वास्तविक माझे कान चांगले आहेत. यंत्र हळूहळू फिरले, ट्रेलरवर आले, आणि एखाद्या झोपलेल्या मुलाला अंथरुणावर ठेवावे तसे खाली टेकले.

मी एका रिकाम्या पिंपावर बसलो. माझी सर्वांत मोठी चूक चारचौघांत उघडी पडली होती. माणसाला लाज वाटायला हवी. मला हसू येत होते. छातीवरून काहीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखे वाटत होते, आणि ते ठेवणारीला त्याचे वजन ठाऊक होते. लाज आली, पण नंतर, घरी जेवण झाल्यावर, आणि तीही माफक.

पांढरा रंग मागवला. ‘१४’ वर काट मारून ‘१८.४’ लिहिले. डबा सावकाशने धरला होता. मी कुंचला टेकवताच तो त्याचा शब्द बोललाच.

परतताना गाडीत मी मुलीला म्हणालो, "हे पोट भरल्याचे तुझ्या लक्षात आले असते, तर इतकी धावपळ झाली नसती."

"हो ना, बाबा," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की काय, म्हणून वाकून पाहिले, रडत नव्हती.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी आधी माझ्या पायांकडे पाहिले, मग मुलीच्या चेहऱ्याकडे. म्हणाल्या, "नट मोजायला कोण जाणार मग?"

"कुणीच नाही, आई. उद्यापासून केबिनमध्ये."

"बरं झालं. हात धुवा दोघं. आणि माझी चप्पल द्या."

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आज सर्व वह्या घेऊन मुलीबरोबर कारखान्यात गेलो. व्यवस्थापकांनीच बोलावले होते. शेडमध्ये अकरा यंत्रे उरली आहेत व प्रत्येकावर माझे अक्षर आहे. मी वहीतून तारीख वाचायची, तिने यंत्राभोवती फिरायचे, हाताने ठोकून पाहायचे, झाकण उघडायचे.

दोन सापडली. एका लेथचा पाया १९९६ साली असाच भरलेला. एका कातरयंत्राला २००३ साली मोठी मोटर व जाड पाटा बसवलेला. दोन्ही नोंदी वहीत माझ्याच हातच्या, आणि दोन्ही यंत्रांवर जुनेच आकडे. दोन्हींवर मी खडूने ‘वजन अज्ञात, आधी तोला’ असे लिहिले. ‘अज्ञात’ हा शब्द माझ्या अक्षरात मी प्रथमच पाहिला. वाटले होते त्यापेक्षा बरा दिसतो.

उरलेली नऊ यंत्रे बरोबर होती. तरीही मुलगी म्हणाली, "तीही तोलूनच नेऊ."

मी म्हणालो, "अवश्य."

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी एकाएकी गाण्याच्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागलो होतो.

शनिवार, १९ नोव्हेंबर

व्यवस्थापकांनी फाइलसाठी झाल्या प्रकाराचा अहवाल मागितला होता. तो मुलीने लिहिला. काल लिहून झाल्यावर तिने तो मला वाचायला दिला नाही, हे विशेष. मी तो तिच्या पिशवीत पाहिला. भाषा बरी आहे. वाक्ये आखूड आहेत व क्रियापदे जागेवर. परंतु तारखांच्या बाबतीत असा ढिलेपणा मी तिच्याकडून कधीच अपेक्षिला नव्हता. सोमवारी ती तो देणार आहे; त्याला जोडण्यासाठी शुद्धिपत्र मी तयार केले असून ते पिशवीत अहवालाच्या वर ठेवले आहे. त्याची प्रत येथे:

१. अहवालात: यंत्राचे वजन "पूर्वी केव्हातरी" केले गेले. शुद्ध: ५ फेब्रुवारी १९९१, मंगळवार. त्या दिवशी ते चौदा टनच होते.

२. अहवालात: आकडा "रंगवलेला आढळला". आकडे आढळत नाहीत. कोणीतरी ते लिहितो. शुद्ध: २ मार्च १९९१. लिहिणारा: मी, त्या वेळचा उचल-विभाग प्रमुख.

३. अहवालात: यंत्राचा पाया "बहुधा दुरुस्तीच्या वेळी, अज्ञात व्यक्तीने" भरला. शुद्ध: २६ ऑगस्ट १९९१. व्यक्ती अज्ञात नाही. ती कलम दोनमधलीच आहे.

४. अहवालात: ८ नोव्हेंबर रोजी "उचल अपूर्ण राहिली". शुद्ध: त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ऑपरेटरने ओझे एक वीत उचलले, त्याचे वजन जाणले व ते सुखरूप खाली ठेवले. उचल पूर्ण होती.

५. अहवालात: १६ नोव्हेंबर रोजी वजन "सुधारण्यात आले". शुद्ध: वजन एकतीस वर्षे तेच होते. त्या दिवशी सुधारला तो आकडा.

६. अहवालात मुळीच नसलेली तारीख: १२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा. यंत्र चौदा टन असल्याचे प्रमाणपत्र त्या वेळी देण्यात आले. ऑपरेटरने ते देऊ नये म्हणून समक्ष विनंती केली होती. ती ऐकली गेली नाही. हा सर्व मजकूर अहवालातून गळला आहे. घाईत विसरली असावी. प्रमाणपत्राचे चार तुकडे सोबत जोडले आहेत. सही माझी.